इंजिन तापतच नाही, काटा खालीच राहतो: थर्मोस्टॅट की सेन्सर?

काचेवरचं_दव:
नमस्कार मंडळी. डिझेल गाडी आहे, आतापर्यंत तक्रार नव्हती. हल्ली तापमानाचा काटा मधल्या रेघेपर्यंत येतच नाही. हायवेला सलग चालवली की आणखी उतरतो, ट्रॅफिकमध्ये अडकलो की जरा चढतो. हिटरमधून कोमट हवा येते आणि अ‍ॅव्हरेजही पडलंय. गॅरेजवाले म्हणाले, "गार आहे तर चांगलंच की, ओव्हरहीटची भीती नाही." मला ते पटत नाही. सेन्सर बदलून बघू का?

दहाबाराचा_पाना:
सेन्सरला एवढ्यात हात लावू नका. तुम्ही लिहिलेली एक गोष्ट फार कामाची आहे: वेगात काटा उतरतो, ट्रॅफिकमध्ये चढतो. बिघडलेल्या सेन्सरला गाडीचा वेग कुठून कळणार? शिवाय सेन्सर खोटं बोलत असता तर हिटरची हवा कोमट झाली नसती. कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारं द्रव, खरंच गार आहे. समोरून वारा लागला की ते आणखी गार होतंय, म्हणजे नको तेव्हाही रेडिएटरमधून फिरतंय. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघडा अडकलाय, असा माझा दाट संशय आहे.

थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान ते वितळून फुगतं, दांडा ढकलला जातो आणि झडप उघडायला लागते. तोवर कूलंट इंजिनातल्या इंजिनातच फिरायला हवं. स्प्रिंग मेली किंवा झडपेत गाळ बसला की ती मिटत नाही.

खात्री अशी करा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडा, गाडी चालू करा आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजला थोड्या थोड्या वेळाने हात लावून बघा. बाही आणि बोटं फॅनपासून लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन न सांगता सुरू होतो. थर्मोस्टॅट धड असेल तर होज बराच वेळ गारच राहतो आणि मग थोड्याच वेळात चटका बसेल इतका तापतो. इंजिनाबरोबर तोही पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी आहे. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो, ते आधी बघून घ्या.

स्कॅनर_हाती:
वरच्या प्रतिसादाला दुजोरा. फक्त काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तापमान थोडं वरखाली झालं तरी काटा मध्येच धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तो खाली दिसतोय म्हणजे प्रकरण चांगलंच गार आहे. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावून आकडा वाचा. पी०१२८ कोड आला तर अर्थ एवढाच, की इंजिन अपेक्षित वेळेत तापलं नाही. मी आधी कूलंटची पातळी बघते, कारण ती कमी असली आणि सेन्सर हवेत राहिला तर आकडा चुकतो. फॅन सतत फिरत नाही ना, तेही बघा.

काचेवरचं_दव:
केलं सगळं. पातळी बरोबर, फॅन बंद. स्कॅनरवर ५० दिसत होते तेव्हाच वरचा होज कोमट लागला. हायवेला आकडा ६५ च्या आसपासच घुटमळतो. मिस्त्री म्हणतात, थर्मोस्टॅट काढूनच टाकू, कटकट मिटेल.

दहाबाराचा_पाना:
निदान झालं. पण काढून अजिबात टाकू देऊ नका, कळकळीने सांगतो. इंजिन गार राहिलं की कॉम्प्युटर जास्त डिझेल देत राहतो. ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि डिझेल उडून जात नाही, आणि तेच ऑइल बेअरिंगला जातं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्याची काजळी जाळायची प्रक्रियाही अडते. आणखी एक गोष्ट मिस्त्रींना दाखवा: काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर ती वाट कायम उघडी राहते, गरम कूलंट रेडिएटर टाळून परत फिरतं आणि चढाला तीच गाडी ओव्हरहीट होऊ शकते.

नवा घेताना अंगावर कोरलेला अंशांचा आकडा कंपनीने दिलेलाच हवा. बसवण्याआधी त्याच्या झडपेत दोरा चिमटवून पाण्याच्या भांड्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा. पाणी तापत गेलं की झडप उघडते आणि थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडतो. तो आकडा कोरलेल्या आकड्याच्या जवळपास हवा. जुन्यावर हेच करून बघा, गार असतानाही तो दोरा धरणार नाही.

काम पूर्ण गार इंजिनावरच करा, गरम असताना कॅप उघडायची नाही. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवी घाला. थर्मोस्टॅटला हवा जायची छोटी पिन असेल तर साधारणपणे ती वरच्या बाजूला येते. कूलंट भरताना हिटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा आणि दुसऱ्या दिवशी इंजिन गार असताना पातळी पुन्हा बघा. अडकलेली हवा निघाली की ती थोडी उतरते, तेवढं कूलंट वर घाला.