रोज अंगाला तेल लावायचंय, कुठलं घेऊ? बजेट महिन्याला ३०० रु.

रातराणी: थंडीत पोटऱ्यांची कातडी फुटून खाज सुटते, कामावर दिवसभर उभं राहून रात्री पाय भरून येतात. रोजच्या अभ्यंगाने खरंच फरक पडतो का? ३०० च्या वर जमणार नाही.

गडकरी_मावळा: महानारायण तेल घ्या, सांधेदुखीचं आयुर्वेदिक तेल आहे, डोळे झाकून. गुडघ्यांनी जीव खाल्ला होता माझा, आता जिने बिनधास्त चढतो. पैशाकडे बघू नका, स्वस्तातलं लावण्यापेक्षा न लावलेलं बरं.

शेवंती: अहो ३०० म्हणतायत त्या! घाण्याचं तिळाचं तेल घ्या, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, हातापायांवर लांब हात फिरवायचा, सांध्यांवर गोल. डोकं, कान, तळपाय सोडू नका, अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात या तिन्हींवर विशेष भर आहे. सर्दी-कफ किंवा अपचन असेल त्या दिवशी मात्र अभ्यंग नाही.

हिवाळा: मोहरीचं लावा, अंगात ऊब येते.

शेवंती: फुटलेल्या कातडीला मोहरी?? आग होईल नुसती.

फिजिओताई: तेलाचा थर त्वचेतलं पाणी उडू देत नाही म्हणून कोरडेपणा आणि खाज कमी होते, एवढं नक्की. पाय हलके वाटतात ते चोळण्यामुळे, तेल काही हाडापर्यंत मुरत नाही. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर अजिबात चोळू नका, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, लगेच डॉक्टर गाठा.

गडकरी_मावळा: मुरत कसं नाही? तासाभरात माझं अंग कोरडं, मग तेल गेलं कुठे?

फिजिओताई: थोडं वरच्या थरात, बाकीचं बनियनला. बनियन हुंगून बघा.

काकू६२: माझं कोणी ऐकत नाही पण सांगते, बाथरूममध्ये लावू नका. तेलकट तळपायाने उठले आणि मनगट मोडलं, प्लास्टर, सुनेची बोलणी, सगळं झालं. खोलीत जुनी चादर अंथरून बसायचं, तळपाय पुसूनच उठायचं.

गुळवेल: +१, तिळाचंच घ्या, आणि महानारायण तर बेस्टच.

रातराणी: सगळ्यांचे आभार. तिळाच्या वासाने मला मळमळतं, त्यामुळे घरातलं खोबरेलच वापरणार. सकाळी वेळ नाही, रात्री फक्त गुडघ्याखाली चोळून जुने मोजे घालून झोपेन. काकू, चादर अंथरतेय.

गडकरी_मावळा: खोबरेल थंड असतं! थंडीत गोठतं!

रातराणी: तळहातावर घेतलं की वितळतं.