नक्षीदार पानं असतील तर ते इन्सिग्ने ऑर्किड नव्हे

भावा, तू टाकलेल्या फोटोतलं फूल पॅफियोपेडिलमचं, म्हणजे पिशवीसारखी पाकळी असलेल्या ऑर्किडचं आहे; ते पांढरं-हिरवं आहे म्हणून नर्सरीवाल्यानं 'इन्सिग्ने अल्बा' म्हणून गळ्यात मारलंय, पण जरा पानं बघ की. गडद-फिकट हिरव्या नक्षीची आहेत, आणि इन्सिग्नेचं पान साधं हिरवं असतंय. वरच्या पांढऱ्या पाकळीवर सरळ हिरव्या रेघा, पिशवी पण हिरवी, म्हणजे हे बहुतेक मॉडिए, कॅलोसम आणि लॉरेन्सियानम या दोन जातींचा संकर, 1900 सालापासून बाजारात आहे. रंगावरनं जात ठरवायला जाऊ नको, रंग फसवतोय. पिशवीच्या तोंडाशी मधोमध जी ढालीसारखी चकती असते ना, स्टॅमिनोड, तिचा जवळनं फोटो टाक, इन्सिग्नेत तिच्यावर मधोमध पिवळी गाठ दिसते.

आणि वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी हे ऑर्किड आंबोलीच्या जंगलात मिळतं म्हणालंय, ते काय पटंना. दक्षिण भारतातलं एकच पॅफियोपेडिलम, ड्रुरीई, तेही पार खाली केरळ-तमिळनाडूच्या सीमेवरच्या अगस्त्यमलाई डोंगरात, पिवळ्या पाकळ्यांवर मधोमध तपकिरी पट्टा.

आणि तुझं मॉडिए निघालं तर बरंच आहे बघ, कोल्हापुरात नक्षीपानवाली सावलीत मजेत राहत्यात. इन्सिग्नेला मेघालयातल्यासारख्या थंड रात्री लागतात, नाहीतर नुसती पानंच वाढवत बसतंय.