अनुभव धागा: दीर्घकालीन फुप्फुसविकार आणि घरातले बदल

आज न्हाणीघर धुताना वडिलांचे स्टूल बाजूला सरकवले आणि हात तिथेच थांबला. वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार, होता. उभ्याने पाठ चोळली तरी त्यांना धाप लागे, आणि पुढे तर त्या भीतीपोटी ते आंघोळच टाळू लागले. तेव्हा त्यांच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एवढेच विचारले, "उभ्यानेच करायला हवी का?" बसून आंघोळ, कोमट पाणी, वाफ कोंडू नये म्हणून किंचित उघडे दार, आणि अंग खसाखसा पुसण्याऐवजी टॉवेलच्या कापडाचा झगा घालून पाच मिनिटे स्वस्थ बसणे, एवढ्या बदलाने ते स्वतःची आंघोळ पुन्हा स्वतः करू लागले आणि अखेरच्या महिन्यापर्यंत त्यांनी ते काम दुसऱ्या कुणाला करू दिले नाही. आपल्या घरी कोणते बदल उपयोगी पडले, ते कृपया लिहावे.

सांजवारा: वाचून डोळे भरून आले. मी स्वतः रुग्ण आहे आणि माझे सारे भांडण जिन्याशी होते. आता नाकाने हळू श्वास घेतो, पाऊल उचलताना ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ फुंकर घालतो, आणि दम लागण्याची वाट न पाहता आधीच थांबतो. अशा फुंकरीने श्वासनलिका अधिक वेळ उघड्या राहतात आणि आत कोंडलेली हवा बाहेर पडते, हे कळल्यावर घाबरून भराभर श्वास घेण्याची सवय सुटली. सिगारेट मात्र फार उशिरा सोडली, याचे दुःख आहे. गेलेले फुप्फुस परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते, म्हणून ज्यांची अजून सुटलेली नाही त्यांनी कृपया आजच डॉक्टरांशी बोलावे.

निळी_शाई: माझ्या आईने आयुष्यात कधी धूम्रपान केले नाही. तिचा आजार वर्षानुवर्षे लाकडाच्या धुरासमोर स्वयंपाक केल्याने जडला, तरीही प्रत्येक जण आधी "सिगारेट ओढायच्या का?" असे विचारतो आणि ती खाली मान घालते. कृपया असे विचारू नका. दुसरे म्हणजे, ती दोन वर्षे इन्हेलर चुकीचा घेत होती, कारण "घेऊन दाखवा" असे तिला कुणी म्हटलेच नव्हते. औषध जिभेवरच राहत होते. आता ती इन्हेलर हलवून, त्याला स्पेसर (औषधाचा फवारा आधी जिच्यात साठतो ती प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावून सावकाश श्वास ओढते, दहा आकडे मोजेपर्यंत तो रोखते आणि त्यात स्टेरॉइड असल्यामुळे नंतर चूळ भरते.

अंगणवेल: निळी_शाई ताई, स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन हवेवरच वाळू द्यावा. कापडाने पुसल्यास प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटते.

निळी_शाई: मी तो रोज पुसत होते! मनापासून आभार.

दूरचा_दिवा: सासऱ्यांना दिवसाला किमान 15 तास ऑक्सिजन सांगितला आहे. त्याची लांब नळी पायात येऊ नये म्हणून आम्ही घरातली वाटच बदलली, आणि ज्योत किंवा सिगारेट त्या खोलीत येऊ देत नाही. बरे वाटत नाही म्हणून प्रवाह आपल्या मनाने वाढवू नये, हे आवर्जून लिहिते, कारण काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो.

सांजवारा: एक राहिले. "तुम्ही बसा, आम्ही करतो" असे घरचे प्रेमाने म्हणत गेले आणि माझे पायच दुबळे झाले. मग दुबळ्या पायांना थोड्या चालण्यानेही अधिक धाप लागू लागली. पल्मनरी रिहॅबिलिटेशनच्या, म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांसाठी देखरेखीखालच्या व्यायामाच्या, आठ आठवड्यांत माझी फुप्फुसे सुधारली नाहीत, पण पाय सुधारले आणि मी पुन्हा एकटा बाहेर पडू लागलो.

अंगणवेल: पोटभर जेवल्यावर आमच्या काकांना श्वास अपुरा पडतो, म्हणून ते थोडे थोडे, पाच वेळा जेवतात. फ्लूची लस ते दरवर्षी घेतात.

निळी_शाई: धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. आई बसून आंघोळ करायला तयार आहे, पण केस धुताना हात वर धरले की तिला धाप लागते. त्यावर काही उपाय आहे का?

धागाकर्ता: वडील दाढी करताना दोन्ही कोपरे टेबलावर टेकवत असत. आईंना कोपरे टेकता येतील अशा उंचीचे काही समोर ठेवून पाहावे, केस धुण्याचा दिवस आंघोळीहून वेगळा ठेवावा, आणि स्टुलाच्या पायांना रबरी टोप्या आहेत ना, ते आधी तपासावे.