रेल्वेचा संघ आणि पगाराची नोकरी

देशातल्या महिला क्रिकेट स्पर्धांत राज्यांच्या संघांसमोर रेल्वेचा संघच वर्षानुवर्षं जिंकत आला; त्यावर 'बाकी राज्यं कच्ची, म्हणून रेल्वे जिंकते' असं म्हटलं जातं. हे मत अर्धंच खरं आहे. आकडे डोळे दिपवणारे आहेत हे मान्य. बीसीसीआयने २००६-०७ मध्ये वरिष्ठ महिलांची एकदिवसीय स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून २०२३-२४ पर्यंत फक्त दोन वेळा विजेतेपद दुसरीकडे गेलं: २०११-१२ ला दिल्ली, २०१८-१९ ला बंगाल. पण राज्यं कच्ची का राहिली, ते कोणीच सांगत नाही. चांगली मुलगी हाती लागली की तिला रेल्वेत नोकरी मिळायची आणि राज्याचा संघ तिथेच रिकामा व्हायचा.

त्यासाठी मी मुलींना कधीच दोष देणार नाही. १९७३ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा आपल्या पुण्यात झाली, तीनच संघ होते: मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश. पुढे कितीतरी वर्षं या मुली बिनआरक्षित डब्यातून, किटबॅगवर बसून सामन्यांना जायच्या. सामन्याचे पैसे वगैरे विषयच नव्हता. अशा वेळी दर महिन्याचा पगार आणि खेळायला मिळणारी रजा म्हणजे काय, हे घरून 'आता पुरे झालं क्रिकेट' ऐकलेल्या मुलीलाच कळेल. भारताच्या माजी कर्णधार डायना एडलजींनी रेल्वेत महिला क्रिकेटसाठी दार उघडून घेतलं, म्हणून मिताली राज, हरमनप्रीत कौर, आपली पूनम राऊत अशा भारताकडून खेळलेल्या मुली तिथून खेळू शकल्या. माझ्या मते त्या संघाचं हेच खरं मोठेपण, करंडक नंतर.