मदत हवी आहे: हडसन नदीतला स्ट्राइप्ड बास खायचा की नाही?

आम्ही न्यूयॉर्क राज्यात, कॅट्स्किलच्या जवळ राहतो. शेजारचे काका एप्रिल-मे मधे नदीवर गळ टाकतात आणि काल त्यांनी दारात आणून दिला हातभर लांब स्ट्राइप्ड बास, अंगावर काळे पट्टे, पोटात गाबोळी. हा मासा समुद्रातून अंडी घालायला नदीत चढतो, आपल्या पाला माशासारखा (हिलसा). मालवणहून आलेली आई बघूनच खूश, म्हणाली डोक्याचं कालवण करते. पण बायकोला पाचवा महिना चालू आहे म्हणून मी जरा वाचत बसलो तर झोपच उडाली.

नदीच्या वरच्या भागातल्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ पर्यंत पीसीबी नावाचं विषारी रसायन सोडलं जायचं, २००९ ते २०१५ गाळ उपसला तरी सरकारी सल्ला आहेच, ५० च्या आतल्या बायकांनी आणि १५ च्या आतल्या मुलांनी हडसनच्या या भागातला कुठलाच मासा खाऊ नये. म्हणजे बायकोचा प्रश्न मिटला, तिला अजिबात देणार नाही. पण आई ६४ ची आहे. पीसीबी चरबीत साठतं, शिजवून जात नाही, कातडी आणि पोटाची चरबी काढून टाका म्हणतात, आणि आपण तर डोकं, कातडी, रस्सा सगळंच ओरपतो!

तर इथे कोणी हडसनकाठी राहणारं असेल तर प्लीज सांगा, तुम्ही आईवडिलांना देता का? गाबोळी टाकूनच द्यायची का? आणि लाँग आयलंडच्या समुद्रात धरलेला बास वेगळा धरायचा का, मासा तर तोच ये-जा करतो ना? मासा फ्रीजमधे आहे, आई रोज विचारतेय.