भातानंतर कुणग्यात (भातखाचरात) गोड मका : युरिया किती, कधी?

कुणगेवाला (संगमेश्वर)
भात कापून झालंय. १० गुंठ्यांत गोड मका टोकायचाय, ६० × २० सें.मी. अंतरावर. जमीन जांभ्याची (तांबडी), सामू (पीएच) ५.६, म्हणजे आम्लट. पाणी वनराई बंधाऱ्याचं (ओढ्यात मातीच्या गोण्या रचून केलेला तात्पुरता बांध), फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुरतं, पुढे भरवसा नाही. सांगोल्याकडचे (सोलापूर जिल्हा, कमी पावसाचा भाग) मकावाले एकरी २ गोणी युरिया आणि १ गोणी डीएपी सांगतात. तेच प्रमाण आपल्याकडे चालेल का? की इथे पाऊस जास्त म्हणून वाढवावं?

माती आणि मात्रा
दादा, आधी हिशोब बघा. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के. डीएपी ५० किलो, त्यात नत्र १८ आणि स्फुरद (फॉस्फरस) ४६ टक्के. म्हणजे एकरी नत्र ५० किलो, स्फुरद २३ किलो. हेक्टरी काढलं तर साधारण १२५ आणि ५७. बागायती मक्याच्या हेक्टरी १२०:६०:४० किलोला (नत्र:स्फुरद:पालाश) हे जवळपास जुळतं, फक्त पालाश (पोटॅश) शून्य. तिकडच्या काळ्या जमिनीत पालाश मुळातच बरं असतं, त्यामुळे निभावतं. आपल्या तांबड्या मातीतून ते पावसाळाभर धुपून जातं, इथे घालावंच लागतं.

स्फुरदाचंही तसंच. तिकडे ते चुन्यात अडकतं, इथे लोह आणि ॲल्युमिनियममध्ये. विस्कटून टाकलं की मातीशी जास्त संबंध येतो आणि जास्त अडकतं. म्हणून ओळीतच द्या, बियाण्याच्या ५ सें.मी. बाजूला आणि ५ सें.मी. खाली. बियाण्याला खत चिकटलं तर मोड करपतो.

१० गुंठ्यांना १ टन कुजलेलं शेणखत, ३७ किलो सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदासाठी), ७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशसाठी) आणि एकूण २६ किलो युरिया. डीएपीपेक्षा सुपर बरं, गंधक आणि कॅल्शियमही मिळतं. झिंक सल्फेट २ किलो, पण ते सुपरमध्ये मिसळू नका, शेणखतात मिसळून द्या. सुपर आणि पोटॅश सगळं पेरणीलाच, युरिया त्या वेळी फक्त ८ किलो. मात्रा एकदम वाढवून काही मिळणार नाही. पाऊस जास्त असला तरी तो ऑक्टोबरपर्यंतच. मक्याला लागणारं पाणी त्यानंतर तुम्हालाच द्यायचंय.

पाटपाणी
वरचा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. कमी पावसाच्या भागात मक्याला नत्र वाढवत नेलं की सुरुवातीला उंची आणि पानं जोरात वाढतात, पीक बघून समाधान वाटतं. पण जेवढं पान जास्त तेवढं पाणी जास्त ओढलं जातं. नेमकं तुरा येताना जमिनीतली ओल संपते, कणसाचे केस उशिरा बाहेर पडतात, तोवर तुऱ्यातले पराग झडून गेलेले असतात. कणीस लांब, दाणे विरळ. म्हणून कोरडवाहू मक्याला नत्र बरंच कमी धरतात.

बंधाऱ्याचं पाणी ओसरलं की तुमचा कुणगाही तसाच कोरडा होतो. जांभ्याची माती पाणी धरत नाही. म्हणून उरलेल्या १८ किलो युरियाचे दोन हप्ते करा. ९ किलो ३० दिवसांनी, बेणणी (तण काढणी) करून झाडांना मातीची भर देताना. दुसरे ९ किलो ४० ते ४५ दिवसांनी, पण आधी बंधारा बघा. पुढचे तीन आठवडे पाणी मिळणार असेल तरच पूर्ण द्या. निम्मंच मिळणार असेल तर ४ किलो, अजिबात नसेल तर तो हप्ता सोडा. एकदा टाकलेला युरिया परत काढता येत नाही. आणि टोकणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, डिसेंबरात गेली की केस यायच्या वेळी बंधारा आटायला लागलेला असतो.

कुणगेवाला (संगमेश्वर)
आमच्याकडे झाडाच्या बुडाशी मूठभर युरिया टाकतात. आणि सामू सुधारायला चुना?

माती आणि मात्रा
मूठ नको! १० गुंठ्यांत ६० सें.मी.च्या ओळी धरल्या तर सुमारे १,७०० मीटर ओळ होते, झाडं ८,४०० च्या आसपास. ९ किलोचा हप्ता म्हणजे झाडामागे जेमतेम १ ग्रॅम. १०० ग्रॅम युरिया वजन करून घ्या आणि १९ मीटर ओळीला पुरवून बघा, हाताला अंदाज येतो. खोडापासून ६-७ सें.मी. लांब चर ओढून टाका, मातीने झाका, मग हलकं पाणी. उघडा टाकला तर अमोनिया होऊन उडतो, पाट भरून सोडला तर मुळांखाली निघून जातो.

चुना माती परीक्षणात सांगतील तेवढाच, पेरणीआधी २-३ आठवडे. युरिया किंवा सुपरसोबत कधीच नको.

हिरवं पान
खालच्या पानाचं टोक पिवळं होऊन मधल्या शिरेने उलट्या व्हीसारखं आत सरकलं तर नत्र कमी. कडा करपल्या तर पालाश. कोवळ्या पानात शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे म्हणजे जस्त. जांभळेपणा स्फुरदाचा, पण रोपं लहान असताना कडक थंडीतही दिसतो. लगेच खत ओतू नका, नवीन पानं बघा.

जमल्यास तीन गुंठे वेगळे ठेवा. गुंठ्याला एकूण युरिया एकात पावणेदोन किलो, एकात २.६, एकात ३.५, बाकी खतं सारखी. ३० आणि ४५ दिवसांनी उंची मोजा, पण निर्णय घ्या तो भरलेल्या कणसांच्या वजनावरच.