मदत हवी आहे: चार वर्षांच्या मुलीला ‘मादागास्कर’ दाखवू का?

मंडळी, सुट्टीत नणंदेची मुलं आलीयत आणि सोलापूरच्या उन्हात दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नाही. त्यांना २००५ चा ‘मादागास्कर’ हा कार्टून सिनेमा बघायचाय. ती मोठी आहेत, प्रश्न माझ्या लेकीचा आहे.

मी आधी एकटीने पाहिला. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातले सिंह, झेब्रा, जिराफ, पाणघोडी बेटावर येऊन पडतात. पेंग्विन तर धमाल! आपटाआपटीचं मला काही वाटत नाही. अडतंय ते नंतर. भुकेल्या सिंहाला जिवलग मित्र झेब्रा मांसाचा तुकडा दिसायला लागतो आणि तो त्याला चावतोसुद्धा. आपल्याला गंमत कळते, पण हिच्या उशाशी रोज कापडी सिंह असतो हो! शेवट गोड आहे, तिथपर्यंत ती टिकेल का?

सेन्सॉर बोर्डाने २०२४ पासून यूए ७+, १३+, १६+ असे गट केलेत, पण त्यातून चार वर्षांच्या पोरीचं उत्तर मिळत नाही.

एवढ्या लहान मुलांना कुणी दाखवलाय का? रात्री घाबरली का? तेवढा भाग पुढे ढकलावा, की जवळ बसून समजावावं? ‘लहान पोरांना काय कळतंय’ हे सासूबाईंनी सांगून झालंय, ते सोडून सांगा.